हातचं राखून

माझे बाबा अकोल्यात मोटारी भरायचे. विहिरीवरचा पंप जळाला की त्यातली काळी पडलेली तार तोडून काढायची, स्लॉट घासून साफ करायचे, त्यांत इन्सुलेशनचा कागद बसवायचा, नव्या तांब्याच्या तारेच्या कॉइल एकेक करून आत सारायच्या, वार्निश सोडायचं आणि भट्टीत वाळवायचं. आमचं घर दुकानाच्या वरच होतं, त्यामुळे जळक्या वार्निशचा वास हाच माझ्या लहानपणाचा वास. पातूर, बार्शीटाकळीकडचे शेतकरी मोटार घेऊन यायचे तेव्हा त्यांचं गव्हाचं पाणी अडलेलं असायचं. मोटार खाली ठेवता ठेवता त्यांतले काही जण आवाज उतरवून एक गोष्ट मागायचे. मंजुरी पाच एचपीची आहे, प्लेटवर पाचच राहू द्या. पण आतून अशी भरा की साडेसातचं पाणी ओढेल.

बाबा नाही म्हणायचे. "लोखंड तेवढंच हाय, स्लॉट तेवढाच हाय. जाड तार कोंबून देईन मी, पण गरमी कुठी जाईन?" एवढंच त्यांचं उत्तर असे. ज्यांना पटायचं नाही ते दुसरीकडून भरून घ्यायचे. मे महिन्यात त्यांतल्या काही मोटारी काळ्या होऊन आमच्या ओट्यावर परत यायच्या.

हे सगळं पाहत मी मोठा झालो, आणि २०११ साली माझ्या संगणकाच्या बाबतीत मी नेमकं तेच केलं. पाचच्या प्लेटवर साडेसात भरले. प्रोसेसरला कारखान्याने आखून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. ते नीट, सांभाळून कसं करायचं हे मला आज येतं. पण ते शिकायला मला एक हिवाळा, एक उन्हाळा आणि एका लग्नाची सीडी लागली.

तेव्हा मी लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करून द्यायचो. लग्नसराईत एकेक फिल्म रेंडरला, म्हणजे जोडलेल्या तुकड्यांची अखेरची फिल्म तयार करायला, लावली की दहा-दहा तास चालायची आणि मध्येच भारनियमनाची वेळ यायची. यूपीएस पंधरा-वीस मिनिटं तग धरायचा, त्यानंतर केलेलं सगळं पाण्यात. लाइट जायच्या आत रेंडर संपलं पाहिजे, एवढ्याचसाठी मला वेग हवा होता. पैसे साठवून विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईला गेलो, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरच्या संगणकांच्या बाजारात फिरलो आणि इंटेलचा कोअर आय-५ २५००के हा प्रोसेसर आणि पी-६७ चिपसेटचा मदरबोर्ड घेऊन आलो. त्या नावातला शेवटचा 'के' महत्त्वाचा. ज्याचा गुणक उघडा ठेवला आहे, वापरणाऱ्याला बदलता येतो, असा प्रोसेसर ओळखायची ती खूण. आणि त्याच प्रोसेसरसाठी स्वस्तात मिळणाऱ्या एच-६७ चिपसेटच्या बोर्डावर तो गुणक वाढवता येत नसे, म्हणून बोर्डही पाहूनच घ्यावा लागला.

गुणक कशाचा, ते सांगायला हवं. प्रोसेसरचं सगळं काम एका ठेक्यावर चालतं. भजनात टाळ पडावा तसा आत ठोका पडतो आणि प्रत्येक ठोक्याला कोट्यवधी ट्रान्झिस्टर आपापलं एक पाऊल टाकतात. मदरबोर्डाकडून १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका येतो आणि प्रोसेसर त्याला एका आकड्याने गुणतो. माझ्या प्रोसेसरचा तो आकडा ३३ होता. म्हणजे ३.३ गिगाहर्ट्झ, सेकंदाला ३३० कोटी ठोके. चारही कोअर एकदम कामाला लागले की तो आपणहून ३४ पर्यंत चढायचा. मूळ ठोक्याला मात्र हात लावायचा नाही. या पिढीत हार्ड डिस्कची आणि ग्राफिक्स कार्डाची जोडणीही त्याच ठोक्याला बांधलेली होती, त्यामुळे तो पाच-सात मेगाहर्ट्झनेही वाढवला तर सगळं घर डळमळतं. वाढवायचा तो फक्त गुणक.

ठोके जवळजवळ पडू लागले की ट्रान्झिस्टरला आपलं पाऊल पुरं करायला वेळ कमी मिळतो. पुढचा ठोका पडेपर्यंत एखाद्या लांबच्या वाटेवर शून्याचा एक झालाच नाही, तर उत्तर चुकतं. व्होल्टेज थोडं वाढवलं की ट्रान्झिस्टर चपळ होतात आणि वेळेत पोहोचतात. ओव्हरक्लॉकिंगचं सगळं शास्त्र या दोन आकड्यांत आहे: गुणक आणि व्होल्टेज. वेगाची किंमत व्होल्टेजमध्ये मोजायची, व्होल्टेजची उष्णतेत.

डिसेंबरातल्या एका रात्री मी बसलो. संगणक सुरू होताच डिलीटची कळ दाबत राहायचं, बायोसचा, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगचा, पडदा उघडतो. मूळचे सगळे आकडे वहीत उतरवून घेतले. प्रोसेसरवर त्याची उष्णता ओढून घेणारा, चार तांब्याच्या नळ्यांचा उंच हीटसिंक बसवलेला होताच. मग गुणक एकेक पायरीने वर नेत गेलो. ३६, ३८, ४०. प्रत्येक पायरीला विंडोज सुरू करायचं, थोडा भार द्यायचा, तापमान पाहायचं, पुन्हा बायोस. ४२ पर्यंत व्होल्टेजला हातही लावावा लागला नाही. ४४ ला १.२८ व्होल्ट लागले. ४६ ला एकदम १.४. तिथे मी थांबलो, कारण ४७ ला विंडोज सुरूच होईना. ४.६ गिगाहर्ट्झ. कारखान्याच्या आकड्यापेक्षा मी एक तृतीयांशाहून जास्त वर गेलो होतो आणि त्यासाठी जास्तीचा एक रुपयाही खर्च झाला नव्हता. त्या रात्रीचा आनंद खरा होता, तो मी आजही नाकारणार नाही.

खात्री करायला प्राइम९५ लावला. या प्रोग्रामची जन्मकथा मला फार आवडते. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली मर्सेन मूळ संख्या शोधायचा एक उपक्रम सुरू केला. दोनाच्या एखाद्या घातातून एक वजा केला की येणाऱ्या, आणि त्यातून मूळ निघणाऱ्या संख्या. जगभरच्या लोकांनी आपापल्या संगणकाचा मोकळा वेळ त्याला द्यायचा, अशी कल्पना. एकेका संख्येची परीक्षा दिवसच्या दिवस, कधी महिनाभर चालते आणि मध्ये एक आकडा चुकला तर सगळी मेहनत फुकट. म्हणून त्या उपक्रमासाठी लिहिलेल्या या प्रोग्रामात यंत्राचीच परीक्षा घ्यायची सोय ठेवली. यंत्राला पूर्ण ताणावर पळवायचं, ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं गणित घालायचं आणि जुळत नसेल तर तिथेच थांबवायचं. मूळ संख्यांच्या शोधासाठी जन्मलेलं हे साधन प्रोसेसर तपासणाऱ्यांची कसोटी होऊन बसलं, कारण यंत्र चालू आहे की नाही यापेक्षा त्याचं उत्तर बरोबर आहे की नाही, हे ते विचारतं.

माझा प्रोसेसर त्या कसोटीला रात्रभर उतरला. खोलीत १६ अंश, प्रोसेसर ७२ अंश. त्याची मर्यादा ९८ अंशांची. मधली २६ अंशांची जागा मला अंगणाएवढी मोठी वाटली.

जानेवारी ते एप्रिल सगळं उत्तम चाललं. दहा तासांचं काम साडेसात तासांत व्हायचं. मे महिन्यात एका कुटुंबाला लग्नाची सीडी दिली आणि आठवड्याने नवरीची आई दुकानाच्या पायरीवर आली. बोलणं अगदी शांत. मंगलाष्टकं चालू असताना, अंतरपाट दूर व्हायच्या क्षणी, पडद्यावर हिरवे चौकोन येतात आणि आवाज तडकतो. माझीच सीडी तशी असेल का, असं त्यांनी मलाच विचारलं.

मूळ चित्रीकरण पाहिलं; ते स्वच्छ होतं. पुन्हा रेंडर लावलं, तर चौकोन दुसऱ्याच जागी आले. तिसऱ्यांदा लावलं तर निळा पडदा आला. मग बायोसमध्ये जाऊन सगळे आकडे मूळचे केले, रात्रभर वाट पाहिली आणि सकाळी फिल्म निर्मळ निघाली. दुकानावरच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी तापमापक ४१ अंश दाखवत होता. डिसेंबरच्या १६ वर प्रोसेसर ५६ अंश चढला होता; मेच्या ४१ वरही तो तेवढाच चढणार. बेरीज ९७. माझं अंगण उन्हाळ्याने एका अंशापर्यंत आणून ठेवलं होतं.

निळा पडदा आला तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे सांगितलं पाहिजे. बंद पडणारं यंत्र प्रामाणिक असतं. भीती त्या हिरव्या चौकोनांची होती. यंत्र न थांबता, न कुरकुरता, चुकीचं उत्तर बरोबर म्हणून देत होतं आणि मी ते लोकांच्या घरी पोचवत होतो. कोणाच्या तरी आयुष्यात एकदाच येणारा तो क्षण माझ्या हव्यासाने डागाळला होता. त्या आईंना मी नवी सीडी नेऊन दिली, माफी मागितली आणि पैसे परत केले.

त्या दुपारी बाबा वर आले. त्यांना प्रोसेसर ठाऊक नव्हता, पण गरम लोखंडाचा वास ठाऊक होता. त्यांनी संगणकाच्या पेटीचं बाजूचं दार काढलं, हीटसिंकजवळ हात धरला. मोटार बघायची त्यांची तीच रीत होती. टाँग टेस्टरने अँपिअर मोजायचे ते नंतर. आधी चालत्या मोटारीच्या अंगावर तळहात ठेवायचा. "हात ठेव. दहा आकडे मोज. हात राह्यला त मोटार बरी." मी त्यांना सगळं सांगितलं. गुणक, व्होल्टेज, डिसेंबरची रात्र. त्यांनी एकच विचारलं, "पाह्यलं कधी? हिवाळ्यात?" मी हो म्हणालो. "मोटार काय ओढते ते हिवाळ्यात नको पाहू. मे महिन्यात, दुपारी दोन वाजता पाय."

मग त्यांनी खाली नेऊन एक मोटारीची प्लेट दाखवली. हजार वेळा पाहिलेली वस्तू, पण वाचली त्या दिवशी. त्यावर एचपी, व्होल्ट, अँपिअर यांच्याबरोबर भोवतालच्या हवेचं तापमानही कोरलेलं होतं. अमुक एवढ्या उन्हात ही मोटार अमुक काम करील, असा तो करार. नुसत्या एचपीला अर्थ नाही. कोणत्या दुपारी, हे सांगितल्याशिवाय तो आकडा अपुरा आहे. माझ्या वहीत डिसेंबरच्या रात्री लिहिलेल्या ४.६ समोर खोलीचं तापमान लिहिलेलं नव्हतं.

संध्याकाळी मी गणित मांडून बसलो. प्रोसेसर खर्च करतो ती वीज ठोक्यांच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. आणि खर्च झालेली सगळी वीज शेवटी उष्णता होते. मूळचे ३.४ गिगाहर्ट्झ आणि १.२ व्होल्ट धरले, तर ४.६ आणि १.४ व्होल्टला वेग ३५ टक्के वाढतो आणि उष्णता ८४ टक्के. ४.४ आणि १.३ व्होल्टला वेग २९ टक्के वाढतो, उष्णता ५२ टक्के. म्हणजे ४.४ वरून ४.६ वर जाताना, त्या शेवटच्या दोनशे मेगाहर्ट्झसाठी, साडेचार टक्के वेगाच्या बदल्यात मी २१ टक्के जास्त आग आत पेटवत होतो. दहा तासांच्या कामात ते दोनशे मेगाहर्ट्झ मला वीस-बावीस मिनिटं देत होते. त्या मिनिटांसाठी मी अंतरपाटाचा क्षण गमावला होता.

त्यानंतर मी सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं, भर मे महिन्यात, भर दुपारी. तीच पद्धत मी आजही विचारणाऱ्याला सांगतो.

आधी उष्णतेची वाट मोकळी करायची. अकोल्याची धूळ हीटसिंकच्या पत्त्यांत नमद्यासारखी बसते, ती काढली. जुनी थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावली. पेटीच्या मागे गरम हवा बाहेर फेकणारा एक पंखा वाढवला. एवढ्यानेच पाच अंश उतरले, एकही आकडा न बदलता. ज्याने हे केलं नाही त्याने बायोस उघडूच नये.

मग बायोसमध्ये व्होल्टेज 'ऑटो'वर सोडायचं नाही. गुणक वाढला की बोर्ड आपल्या अंदाजाने व्होल्टेज चढवतो आणि तो अंदाज बहुधा उदार असतो. आपण स्वतः आकडा लिहायचा आणि वरची सीमा आधीच ठरवून ठेवायची. तापल्या डोक्याने ती हलवायची नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गुणक बदलला त्या दिवशी रॅमचा वेग बदलायचा नाही, नाहीतर चूक कोणाची ते कळत नाही. गुणक एक पायरी वर, मग परीक्षा. परीक्षेत नापास झाला तर व्होल्टेज एक-दोन शतांश व्होल्टने वर, पुन्हा परीक्षा. वीज वाचवण्याच्या सोयी बंद करायच्या नाहीत. हाताशी काम नसताना माझा प्रोसेसर १.६ गिगाहर्ट्झवर उतरून विसावतो, ते तसंच राहू द्यायचं. आणि आकडे इतके चुकले की पडदाच उजळेना, तर घाबरायचं नाही. वीज पूर्ण काढायची, बोर्डावरची रुपयाएवढी गोल बॅटरी काही मिनिटं बाहेर ठेवायची किंवा त्यासाठीची पिन जोडायची; बोर्ड आपले जन्मजात आकडे पुन्हा आठवतो.

एक सेटिंग मला बाबांच्या जगामुळे लवकर कळलं. प्रोसेसरवर एकदम भार आला की त्याला मिळणारं व्होल्टेज खाली बसतं. डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, शेवटच्या टोकाच्या विहिरीवर हेच होतं: सगळ्यांच्या मोटारी सुरू झाल्या की टोकाला व्होल्टेज पडतं, मोटार गुरगुरते, पाणी चढत नाही. बोर्डावर यासाठी लोड-लाइन कॅलिब्रेशन नावाची सोय असते. भार येताच ती व्होल्टेज सावरून धरते. नवशिका ती सगळ्यात वरच्या पायरीवर नेऊन ठेवतो. पण गावात रात्री सगळे पंप एकदम बंद झाल्यावर दिवे भकभकतात आणि बल्ब उडतात, ते ज्याने पाहिलं आहे तो असं करणार नाही. भार अचानक सुटला की सावरलेलं व्होल्टेज क्षणभर वर उसळतं. म्हणून मधली पायरी. थोडं पडू द्यायचं.

त्या दुपारी ४.४ गिगाहर्ट्झ १.२८ व्होल्टवर कसोटीला उतरला. मी १.३ लिहिले आणि तिथेच थांबलो. ४१ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ८२ वर राहिला. मर्यादेपर्यंत १६ अंश शिल्लक, आणि तेही वर्षातल्या सगळ्यात वाईट दुपारी.

ही शिल्लक कारखानाही ठेवतोच. तीच तर आपण वापरायला निघालेलो असतो. एकाच सिलिकॉनच्या चकतीवर घडलेले प्रोसेसर सारखे नसतात. कोणी उजवा निघतो, कोणी डावा. कारखाना त्यांची परीक्षा घेऊन प्रतवारी लावतो आणि प्लेटवर असा आकडा घालतो, की जो सगळ्यात गरम हवेत, पडलेल्या व्होल्टेजवर, काही वर्षं झिजल्यानंतरही पाळता येईल. शिवाय बाजारात स्वस्त मालाला मागणी जास्त असली की उजवा मालही डाव्याच्या नावाने विकला जातो. १९९८ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या सेलेरॉन ३००ए ची कथा या छंदात लोककथेसारखी सांगतात. त्याचा मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झ, गुणक साडेचार, वेग ३००. पण बोर्डाचा ठोका १०० केला की तो थेट ४५० वर धावायचा, कितीतरी महाग पेंटियम टू च्या बरोबरीने. त्याची १२८ किलोबाइटची कॅश मेमरी प्रोसेसरच्याच तुकड्यावर कोरलेली होती आणि त्याच वेगाने चालायची, त्यामुळे तिची अडचण झाली नाही. त्याआधी अशी कामं बोर्डावरच्या बारीक जंपर पिना हलवून करावी लागत. त्या सुमाराला एबिटच्या बीएच-६ सारख्या बोर्डांनी ती बायोसच्या पडद्यावर आणली. सामान्य माणसाच्या हाती तेव्हापासून ठोक्याची किल्ली आली.

पण शिल्लक का ठेवली होती, हा प्रश्न किल्लीबरोबर आला नाही. मोटार भरणारे एक नियम सांगतात: तापमान दहा अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं. प्रोसेसरमधल्या तारा बाबांच्या तारेपेक्षा हजारो पटींनी बारीक, तरी त्यांचं मरण त्याच जातीचं. वाहणाऱ्या विजेच्या रेट्याने धातूचे कण हळूहळू सरकत जातात, एके जागी तार झिजते, दुसरीकडे गाठ धरते. मोटोरोलातल्या जेम्स ब्लॅक यांनी १९६९ साली याचं समीकरण मांडलं. प्रवाहाची घनता वाढली की आयुष्य झपाट्याने घटतं आणि तापमान वाढलं की त्याहून झपाट्याने. ही झीज दिसत नाही, ऐकू येत नाही. दोन-तीन वर्षांनी एवढंच जाणवतं, की ज्या व्होल्टेजवर काल काम होत होतं त्यावर आज होत नाही. ज्याने सगळी शिल्लक पहिल्याच दिवशी खर्च केली, त्याच्यापाशी त्या दिवसासाठी काही उरत नाही.

आता काळ बदलला आहे. आजचे प्रोसेसर आपलं तापमान आणि वीज मोजत स्वतःच शक्य तेवढे वर चढतात. कारखानाच त्यांना काठापर्यंत भरून पाठवतो. काठ किती जवळ आला, ते २०२४ साली सगळ्यांनी पाहिलं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर लोकांच्या घरी, कोणी आकडा न वाढवताही, डळमळू लागले. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, हे कंपनीने मान्य केलं, ऑगस्टमध्ये १.५५ व्होल्टवरच्या मागण्या रोखणारा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, दिला आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. आज माझ्याकडे कोणी नवा प्रोसेसर घेऊन आला, तर मी बायोस उघडून बहुतेक वेळा आकडे खाली आणतो. विजेची मर्यादा थोडी कमी करतो, व्होल्टेज थोडं उतरवतो. वेग दोन-चार टक्क्यांनी घटतो, खोली मात्र निवते आणि पंख्याचा आवाज बसतो. बायोस तेच, पद्धत तीच: एका वेळी एक पायरी, प्रत्येक पायरीला परीक्षा. हेही ओव्हरक्लॉकिंगच्याच शाळेतलं शिक्षण आहे.

आपल्याकडे 'हा हातचं राखून काम करतो' ही तक्रार असते. बाबांच्या तोंडी ती शाबासकी होती. एखाद्या कारागिराचं काम आवडलं की ते म्हणायचे, हातचं राखून भरलंय. शाळेतल्या बेरजेत आपण हातचा एक धरायचो, तो विसरला की पुढचं सगळं उत्तर चुकायचं. यंत्राची शिल्लक ही तशी हातच्याची जागा आहे. कागदावर ती दिसत नाही, आणि तिच्याशिवाय बेरीज जुळत नाही. शेवटचे दोनशे मेगाहर्ट्झ मिळत असूनही घेतले नाहीत, यात कमीपणा वाटायचं मला त्या उन्हाळ्यात थांबलं. ४.६ ला पोचणं ही माझी उत्सुकता होती, ४.४ ला परतणं हे काम होतं. लोकांच्या लग्नाची फिल्म ज्या यंत्रावर बनते, त्याने रोज, न चुकता, उन्हातही बरोबर उत्तर दिलं पाहिजे.

तो संगणक पुढे सात वर्षं त्याच आकड्यांवर चालला. हिरवे चौकोन पुन्हा आले नाहीत. बाबा मोटार दिल्यावर गिऱ्हाइकाला सांगायचे, एक उन्हाळा काढू दे, मग म्हणेन ती माझी मोटार. तुम्हीही बायोसमध्ये जाऊन एखादा आकडा गाठलात, तर तो वहीत लिहा, शेजारी व्होल्टेज लिहा, त्याच्या शेजारी खोलीचं तापमान लिहा. मग मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, पुन्हा तपासा. त्या दुपारी टिकला तरच तो आकडा तुमचा.